चित्रदर्शन आणि २४,००० तास

ज्या कलाकृतींनी आपली अभिरुची घडवली त्यांविषयी लिहा, असे कोणी म्हटले की आम्ही मराठीचे अध्यापक ठरलेल्या नावांची एक यादी पुढे करतो. ती यादी खोटी नसते, अपुरी असते. माझ्या यादीतून आजवर सातत्याने गळत आलेले नाव ‘एलियन’ या चित्रपटाचे आहे. रिडले स्कॉट यांचा हा चित्रपट १९७९ सालचा. म्हणजे तो आणि मी एकाच वयाचे. त्याचे पुढचे भाग १९८६, १९९२ आणि १९९७ साली आले, २०१२ आणि २०१७ मध्ये स्कॉट यांनीच त्याच्या पूर्वकथा रचल्या, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये फेदे आल्वारेस यांचा ‘एलियन : रोम्युलस’ प्रदर्शित झाला. (दुसऱ्या एका राक्षसाशी या राक्षसाची झुंज लावून देणारे जे दोन चित्रपट मध्यंतरी निघाले, ते मी कुळाबाहेरचे समजते.) हा सगळा पसारा मी एकेका भागाचे अनेक वेळा पारायण करून पाहिलेला आहे, आणि त्याविषयी एक ओळही आजपर्यंत लिहिलेली नाही.

याला संकोच कारणीभूत आहे, पण केवळ संकोच नव्हे. विज्ञानकथा आणि भयकथा या दोन्ही वाङ्मयप्रकारांना आपल्या समीक्षेने ओसरीपर्यंतच प्रवेश दिलेला आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावाने पाठवली होती, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण त्या कथांच्या रूपबंधाची चर्चा करायची वेळ आली की आपल्याला त्यांतील विज्ञान आठवते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांचे नाव चर्चासत्रातील निबंधात आले तर ते बहुधा लोकप्रियतेच्या संदर्भात येते. भय ही वाचकाची गरज असते, समीक्षकाची नसते, असे काहीतरी आपण गृहीत धरले आहे. वास्तविक ज्या परंपरेने भयाला स्थायीभाव मानून त्याचा रस सांगितला, तिच्या वारसांनी असे करावे हे चमत्कारिक आहे.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो १९९२च्या मे महिन्यात, सांगलीला, मामाच्या घरी. भाड्याने व्हीसीआर आणायचा आणि एका रात्रीच्या भाड्यात तीन कॅसेटी संपवायच्या, असा तेव्हा रिवाज होता. दोन हिंदी चित्रपट मोठ्यांच्या पसंतीचे असत. तिसरा, दुकानदार देईल तो. दोन संपेपर्यंत रात्रीचा एक वाजून गेला, मोठी माणसे बसल्या जागी पेंगली, आणि भाडे फुकट जाऊ नये एवढ्याच कारणाने मामेभावाने तिसरी कॅसेट सरकवली. ती प्रतीची प्रत असावी. चित्र इतके काळवंडलेले होते की त्या जनावराचा एखादा ओला चकाकणारा भाग, एक हात, दातांची एक ओळ, यापलीकडे आम्हाला काहीही दिसले नाही. पुढे स्वच्छ प्रत पाहिली तेव्हा ध्यानात आले की स्कॉट यांनीही त्याला पुरते दाखवलेले नाही. बोलाजी बादेजो नावाचा, लंडनमध्ये शिकणारा एक अतिशय उंच नायजेरियन तरुण त्या पोशाखात होता. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी कल्पिलेले ते शरीर सबंध चित्रपटात काही मिनिटेच पडद्यावर येते. आमच्या कॅसेटीने दिग्दर्शकाचाच हेतू थोडा अधिक ताणला होता, इतकेच.

इंग्रजी मला कळत नव्हते. त्यामुळे उरले ते चेहरे. जेवणाच्या टेबलावर एका माणसाची छाती फुटते त्या प्रसंगाने मी ओरडले असणार. पण मनात रुतला तो दुसराच प्रसंग. ॲश हा विज्ञान-अधिकारी, शांत, अदबशीर, जरासा कंटाळवाणा. त्याच्या डोक्यावर घाव बसतो आणि रक्ताऐवजी पांढरा द्रव उसळतो. ‘दूध!’ असे मामेभाऊ म्हणाला. तो माणूस नव्हता, यंत्र होते, आणि कंपनीने त्याला आपल्या कामासाठी इतरांत मिसळून ठेवले होते, हे आम्हाला कळले नाही. कळले ते एवढेच, की आपल्याच पंगतीला बसलेला कोणी एक आतून निराळा असू शकतो. सकाळी मामीने दुधाचा पेला पुढे केला तेव्हा मी तो घेतला नाही.

पुढे एम.ए.च्या काळात, इंग्रजी कामचलाऊ झाल्यावर, तो चित्रपट संवादांसह पाहिला आणि मला एक वेगळीच कथा दिसली. पार्कर आणि ब्रेट हे दोघे यंत्रशाळेत काम करणारे. त्यांचा बोनसचा वाटा इतरांपेक्षा कमी आहे आणि ते त्याबद्दल पहिल्या जेवणापासून कुरकुरत असतात. कुठून तरी आलेल्या संकेतामुळे जहाज त्यांना अर्ध्या वाटेत जागे करते. हे आमचे काम नव्हे, अधिक पैसे मिळणार असतील तर बोला, असे पार्कर म्हणतो. तेव्हा ॲश त्याला करारातील कलम ऐकवतो. बुद्धिमान जीवाकडून आलेला असू शकेल अशा कोणत्याही संकेताचा तपास करणे बंधनकारक आहे, न केल्यास सगळा वाटा जप्त. सात माणसे त्या ओसाड गोलावर उतरतात ती कुतूहलापोटी नव्हे, एका कलमामुळे. राक्षस त्यानंतर येतो.

त्या जहाजाचे नाव नोस्ट्रोमो. जोसेफ कॉनरॅड यांच्या १९०४ सालच्या कादंबरीचे हे नाव. बचावनौकेचे नार्सिसस हे नावही कॉनरॅडकडूनच आलेले, आणि १९८६ मधील जेम्स कॅमेरॉन यांच्या चित्रपटातील जहाज सुलाको, हे त्याच कादंबरीतील बंदराचे गाव. कॉनरॅडच्या कादंबरीत सगळे नातेसंबंध चांदीच्या एका खाणीभोवती फिरतात आणि नोस्ट्रोमो हा इतरांचा विश्वासू माणूस त्या चांदीपायी आतून पोखरला जातो. चित्रपटातील जहाजही दोन कोटी टन खनिज ओढत घरी निघालेले आहे. तेव्हा हे नामकरण केवळ हौसेचे नाही. ज्याला आपण अंतराळातील भयकथा म्हणतो ती मुळात मालवाहू जहाजावरील नोकरांची कथा आहे.

भरताने चार रसांपासून चार रसांची उत्पत्ती सांगितली. त्यात बीभत्सापासून भयानक येतो. ‘एलियन’चा इतका चपखल आशयनिर्देश आधुनिक चित्रपटसमीक्षेतही क्वचित आढळेल. ज्यूलिया क्रिस्तेवा यांनी १९८० साली किळसवाण्याची मीमांसा केली आणि बार्बरा क्रीड यांनी तिच्या आधारे या चित्रपटातील अंडी, पोकळ्या, जहाजाच्या संगणकाला दिलेले ‘मदर’ हे नाव, या सर्वांतून मातृदेहाविषयीच्या भयाचा अर्थ लावला. ही मांडणी मला मान्य आहे. मी ती वर्गात सांगितलेलीही आहे. परंतु भरतानेच भयानकाचे आणखी एक त्रिविध वर्गीकरण केले आहे: व्याजातून आलेले, म्हणजे बतावणीचे भय, अपराधातून आलेले भय, आणि भिवविल्यामुळे आलेले भय. क्रीड यांची मीमांसा तिसऱ्या प्रकारापुरती आहे. दुसऱ्या प्रकाराकडे माझे लक्ष गेले ते ग्रंथांमुळे नव्हे.

२००३ ते २०१४ अशी अकरा वर्षे मी एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवत होते. या शब्दप्रयोगाचा अर्थ या नियतकालिकाच्या बहुतेक वाचकांना सांगावा लागणार नाही. काहींना तो माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. जितके तास घ्याल तितक्यांचे मानधन. सुट्टीत काही नाही. विसर्जनाची सुट्टी पडली किंवा वर्ग मोर्चाला गेला तर तास बुडाला आणि तासाबरोबर त्याचे पैसेही. एप्रिलमध्ये नियुक्ती संपायची, जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. दर जूनमध्ये मी कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहत असे. भाऊसाहेब सज्जन गृहस्थ होते. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. एका वर्षी ते म्हणाले, सेट झालात हे उत्तमच, पण जागेला पदमान्यता नाही. पुढे म्हणाले, पीएच.डी. असती तर बोलता आले असते. २०११ साली पीएच.डी. झाले तेव्हा म्हणाले, मॅडम, आता रोस्टरचा प्रश्न आहे. यंदा कार्यभारही बसत नाही. पुढच्या सत्रात पाहू. आणि प्रत्येक वेळी, हे मला विशेषत्वाने नोंदवायचे आहे, मला भीती वाटली ती मी काहीतरी चुकले असल्याची. नियम बदलला होता आणि अपराध मला वाटत होता. घरी येऊन मी कागदपत्रे पुन्हा पुन्हा तपासत असे.

‘रोम्युलस’ची नायिका रेन कॅराडीन ही कंपनीच्या एका खाणवसाहतीत राहते. तिथे सूर्य कधीच दिसत नाही. खाणींनी तिचे आईवडील आधीच नेलेले आहेत. ठरलेले तास भरले आहेत, आता आपण सुटणार, या आशेने ती कार्यालयाच्या खिडकीशी जाते. पलीकडची बाई तिची नोंद पाहते आणि सांगते की कोटा वाढवून २४,००० तासांचा करण्यात आला आहे. तुम्हाला आणखी पाच-सहा वर्षांनी मोकळे करता येईल. तोवर बदली खाणीत. ती बाई क्रूर नाही. कंपनी तुमच्या सेवेबद्दल कृतज्ञ आहे, अशा अर्थाचे काहीतरी ती बोलते आणि पुढच्या माणसाकडे वळते.

पुण्यातील त्या थंडगार चित्रगृहात माझ्या शेजारी बसलेली मुले या प्रसंगाच्या वेळी अजून खाण्याच्या पिशव्या उघडत होती. त्यांच्या लेखी चित्रपट सुरू व्हायचा होता. माझ्या लेखी तो जवळजवळ संपला होता. एवढे भय मला पुढच्या दीड तासात कोणत्याही जनावराने दिले नाही. हे मी त्याचे वैगुण्य म्हणून सांगत नाही. पंचेचाळीस वर्षांनी आलेल्या उत्तरभागाने मूळ कृतीतील सर्वांत खोल धागा अचूक उचलला, आणि तो पार्कर-ब्रेटच्या कुरकुरीहून अधिक उघडा केला, याचा मला आनंद झाला. इतका, की पुढे जे निराशाजनक घडले त्याचा अधिक राग आला.

उत्तरकृतीचा प्रश्न हा मुळात स्मृतीचा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याचा सर्वांत सुंदर विचार एका नाटककाराने प्रत्यक्ष रचनेतून केला आहे. भवभूतीने ‘महावीरचरित’ लिहिले आणि मग ‘उत्तररामचरित’. दुसऱ्या नाटकाचा पहिला अंक म्हणजे चित्रदर्शन: लक्ष्मण चित्रे दाखवतो आहे, राम आणि गर्भवती सीता स्वतःचीच पूर्वकथा भिंतीवर पाहत आहेत. प्रेक्षकालाही ती ठाऊक आहे. शूर्पणखेचे चित्र येताच सीता घाबरते आणि रामाला तिला सांगावे लागते की हे चित्र आहे. आज ज्याला रसिकांची मर्जी राखण्यासाठी केलेली उजळणी म्हणतात, तिचे याहून शुद्ध उदाहरण सापडणार नाही. पण भवभूती तिथे थांबत नाही. चित्रे पाहून सीतेला ते अरण्य, ती भागीरथी पुन्हा पाहण्याचा डोहाळा होतो. रथ जोडायची आज्ञा होते. आणि लोकापवादाची वार्ता येताच तोच रथ तिच्या त्यागाचे साधन ठरतो. चित्रांत दाखवलेली जृंभकास्त्रे पुढे लवाच्या हाती येतात. म्हणजे प्रत्येक चित्र पुढे काही काम करते. आठवण हीच तिथे घटना होते, आणि घातक घटना होते.

हा निकष घेऊन ‘रोम्युलस’ पाहिला तर त्याचे दोन तुकडे पडतात. या जनावराचे रक्त आम्ल असते आणि ते जहाजाचे मजलेच्या मजले जाळत खाली उतरते, हे चित्र १९७९ मधले. आल्वारेस ते नुसते पुन्हा दाखवत नाहीत. त्यांची नायिका गुरुत्वाकर्षण बंद करते. जनावरे मरतात, पण रक्त खाली पडतच नाही. ते अधांतरी गरगरत राहते आणि त्या पिवळ्या आम्लाच्या भोवऱ्यांतून भावाबहिणीला अंग चोरून तरंगत जावे लागते. हे जृंभकास्त्र आहे. जुन्या चित्रातील शस्त्र नव्या पिढीच्या हाती आले, आणि वेगळ्या रीतीने चालले. चेहऱ्याला झडप घालणारे प्राणी उष्णतेवरून माणूस ओळखतात म्हणून खोलीचे तापमान शरीराइतके वाढवून त्यांच्यामधून श्वास रोखून चालत जाण्याचा प्रसंगही याच जातीचा.

उरलेली बरीच चित्रे मात्र भिंतीवरच राहतात. १९८६ मध्ये बंदूक चालवायला शिकवण्याचा जो हळुवार प्रसंग होता तो येथे येतो आणि जातो. २०१२च्या चित्रपटातील काळ्या द्रवाची आठवण ठेवली जाते, आणि तिच्यापायी शेवटी एक अर्धमानवी अपत्य जन्माला घालण्यात येते, जे १९९७ मध्ये एकदा जन्मून मेलेलेच आहे. त्या भूमिकेसाठी रॉबर्ट बोब्रोच्की हा साडेसात फुटांहून उंच रुमेनियन बास्केटबॉलपटू घेतला. बादेजोच्या परंपरेला ते साजेसे आहे. त्याचे शरीर भेसूर आहे, किळस येते, परंतु ती भयाकडे सरकत नाही. भरताची साखळी येथे पहिल्या कडीशीच तुटते.

सर्वांत खटकला तो रुक. अंतराळस्थानकावर अर्धवट फाटलेला एक यंत्रमानव सापडतो. त्याचा चेहरा १९७९ मधील ॲशचा, म्हणजे इयन होम यांचा. होम २०२० साली निवर्तले. कुटुंबाच्या संमतीने, एक यांत्रिक पुतळा, दुसऱ्या एका नटाचा अभिनय आणि संगणक यांच्या साहाय्याने त्यांचा चेहरा पुन्हा कामाला लावण्यात आला. मी सांगलीच्या त्या रात्रीपासून ज्या चेहऱ्याला भीत आले, तो समोर आला आणि मला भीती वाटली नाही, ओशाळल्यासारखे झाले. तांत्रिक उणिवा सोडा. ज्या कथेचा आत्माच असा, की कंपनी करार वाढवत नेते आणि माणूस कधीच सुटत नाही, तिने मेलेल्या नटाला मृत्यूनंतरही कामावरून सोडू नये, आणि या योगायोगाची तिला स्वतःला जाणीवही नसावी, हे मला विलक्षण वाटते. जाणीव असती तर ते या मालिकेतील सर्वांत भीषण चित्र झाले असते. वेगळ्या शब्दांत, सीता तिथे चित्राला घाबरली ते तिला क्षणभर ते चित्र वाटले नाही म्हणून. येथे आम्हाला एक क्षणही चित्राचा विसर पडत नाही.

आता अँडीविषयी लिहायला हवे. ते मी इतका वेळ पुढे ढकलत आले, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आलेच असेल.

अँडी हा रेनचा भाऊ. म्हणजे यंत्रमानव, तिच्या वडिलांनी भंगारातून उचलून दुरुस्त केलेला. अडखळत बोलतो, पोरकट कोट्या करतो, वस्तीतील पोरे त्याला मारतात. त्याच्या अंगी एकच आज्ञा कोरलेली आहे: रेनच्या हिताचे तेच करायचे. स्थानकाची दारे उघडण्यासाठी त्याला रुकची चिप बसवली जाते. डेव्हिड जॉन्सन या नटाने त्यानंतरच्या क्षणी जे केले आहे त्यासाठी हा चित्रपट मी पुन्हा पाहीन. खांदे सरळ होतात. अडखळणे जाते. तोच चेहरा, तोच आवाज. आज्ञा मात्र बदलली आहे. आता कंपनीच्या हिताचे तेच करायचे. तो खलनायक होत नाही, हे मुख्य. तो समंजस होतो. दाराबाहेर एक मुलगी जीव तोडून हाका मारत असते आणि तो दार उघडत नाही. उघडले तर आतले सगळे मरतील. त्याचा हिशेब बरोबर आहे. त्याच तुकडीतील एका मुलाची आई अशाच एका हिशेबात खाणीत कोंडून मेलेली असते. तोही हिशेब बरोबरच होता.

२०१४ पासून मी एका विद्यापीठाच्या मराठी विभागात कायम आहे, आणि विभागप्रमुखपद पाळीने येते तसे २०२३ मध्ये माझ्याकडे आले. आमच्याकडे सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारी एक अध्यापिका होती. ती माझीच विद्यार्थिनी. प्रबंध नुकताच सादर केलेला. २०२४च्या जूनमध्ये प्रवेश घटले होते आणि नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमाची रचनाही बदलत होती. कार्यभाराचा तक्ता मी स्वतः तीन वेळा मांडून पाहिला. तो बसत नव्हता. हिशेब बरोबर होता. तिला बोलावून, खुर्ची देऊन, चहा मागवून मी म्हटले, यंदा कार्यभार बसत नाही, पुढच्या सत्रात पाहू. ती म्हणाली, ‘हो मॅडम, तुम्ही प्रयत्न केलात.’ आणि आभार मानून गेली. जाताना तिने फाइलमधील कागद नीट लावून घेतले. ते मी पाहिले.

वाक्य कुठले आहे हे मला तेव्हा जाणवले नाही. ऑगस्टमध्ये, अँडीच्या बंद दारापाशी, जाणवले. शब्दशः भाऊसाहेबांचे वाक्य. मी ते कधी पाठ केले नव्हते. अकरा वर्षे खिडकीच्या अलीकडे उभे राहिल्याने मनुष्य खिडकीपलीकडे गेल्यावर दयाळू होतो, अशी माझी समजूत होती. तो केवळ अधिक अदबशीर होतो. मी त्या मुलीचे काही वाईट केले का, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहिला. नियमाप्रमाणे नाही. दुसरे कोणी त्या जागी असते तरी तक्ता तोच निघाला असता. मला एवढेच म्हणायचे आहे की अँडीलाही त्या क्षणी नेमके हेच वाटत असावे, आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावर ते दिसते.

बरे, रेन तरी निर्दोष आहे काय? ज्या ग्रहावर पळून जायचे तिथे यंत्रमानवांना प्रवेश नाही, म्हणजे अँडीला मागे टाकावे लागणार, हे तिला ठाऊक असते आणि तिने ते त्याला सांगितलेले नसते. शेवटी ती त्याच्यातील चिप काढते, त्याला पूर्वीचा अडखळता भाऊ करते, जखमी अवस्थेत झोपवून बरोबर नेते. हा शेवट मला गोड वाटला आणि थोडा सोपाही. चिप इतक्या सहज निघत नाही.

सप्टेंबरमध्ये ती मुलगी ग्रंथालयात भेटली. ‘मॅडम, तुमचा राक्षस परत आलाय, पाहिलात का?’ असे तिनेच विचारले. माझी ही आवड विभागात गुप्त नाही हे मला तेव्हा कळले. तिने तो आधीच पाहिला होता, आणि मालिकेतील पहिलाच. मी तिला चित्रदर्शनाचा माझा निकष उत्साहाने सांगितला आणि उदाहरण म्हणून अँडीच्या त्या प्रसिद्ध वाक्याचे दिले. १९८६ मध्ये रिप्ली लहान मुलीला वाचवताना राक्षसिणीला जी शिवी हासडते, तीच आल्वारेस यांनी अँडीच्या तोंडी घातली आहे. चित्रगृहात टाळ्या पडल्या होत्या आणि मी मान खाली घातली होती. ते वाक्य त्याचे नाही, ते भिंतीवरचे आहे, असे मी म्हणाले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला नाही तसं वाटलं. तो किती अडखळत बोलतो ते. लहान मुलानं मोठ्यांची शिवी पहिल्यांदाच वापरून बघावी, तसं. त्याला जमत नाही, पण बहिणीसाठी बोलतो.’

मी नंतर तो प्रसंग पुन्हा पाहिला. तो खरोखरच अडखळतो. मला जुने वाक्य इतके मोठ्याने ऐकू येत होते की नवे ऐकूच आले नव्हते. चित्रदर्शनाच्या अंकात सर्व पाहणारे पूर्वकथा जगलेले आहेत. जिने ती जगलीच नाही अशी प्रेक्षक भवभूतीने तिथे ठेवलेली नाही, आणि माझ्या निकषातही तिची जागा नव्हती. याने माझे रुकविषयीचे मत बदलत नाही. अँडीच्या वाक्याविषयीचे बदलले आहे.

जूनविषयी आम्ही दोघीही बोललो नाही. पुढे दुसऱ्या सत्रात एका ऐच्छिक विषयाचे आठवड्याला चार तास निघाले. ते मी तिला दिले. यात मी काय केले हे मला अजून नीट ठरवता आलेले नाही. ती मात्र वेळेवर येते, नोंदवहीत सही करते, आणि चारऐवजी पाच तास घेते.

तिच्या मागणीवरून मी तिला १९७९चा ‘एलियन’ पाहायला सांगितला होता. दिवाळीच्या सुट्टीत तिने तो फोनवर पाहिला. इतक्या लहान पडद्यावर, म्हणजे पुन्हा अंधारातच. राक्षसाबद्दल ती काही बोलली नाही. पहिल्या तासाला जाताना जिन्यात थांबून तिने विचारले, ‘मॅडम, त्या खालच्या दोघांच्या बोनसचं पुढं काय झालं? ते तर मेले, पण त्यांच्या घरच्यांना तरी मिळाला असेल ना?’

मी म्हणाले की पुढच्या भागात रिप्लीची चौकशी होते, आणि तिथे कंपनीने बुडालेल्या जहाजाची किंमत काढलेली आहे: चार कोटी वीस लाख डॉलर, आतला माल वेगळा. बोनसचा उल्लेख मला आठवत नाही.

‘मग तोही बघते’, ती म्हणाली, आणि घंटा झाली म्हणून वर गेली.